नरवाई, शेण आणि इंदूर पद्धत

इंदुरात राहणाऱ्या कुणालाही कृषी महाविद्यालय सांगावं लागत नाही. चारही बाजूंनी इमारती चढल्या, तरी मध्ये अजून शेतं आहेत आणि पावसाळ्यात तिकडून ओल्या काळ्या मातीचा वास येतो. आपण तिथून गाडीने जातो, सिग्नलला थांबतो, पुढे जातो. मीही दहावीपासून तसाच जात होतो. त्या आवारात जगभर नाव झालेली एक गोष्ट घडली आहे, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं आणि तेही आमच्या शेतामुळे.

शेत म्हणजे खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडे आत वळलं की दोन बिघे. सव्वा एकर. पणजोबांनी घेतलेल्या जमिनीचा हा उरलेला तुकडा. काका तिथे भाजी लावतात : मेथी, पालक, गिलकी, भेंडी, हिवाळ्यात लसूण आणि थोडे बटाटे. माल चोइथराम मंडीत जातो. शेतावर बासाब राहतात, त्यांना आमच्या घरात सगळेच बासाब म्हणतात, आजीसुद्धा म्हणायची. आजूबाजूला कॉलन्या कापल्या गेल्या आहेत आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी गाडी लावून भाव विचारून जातं. काकांनी ऐकून घेणं सुरू केलं होतं. त्यांचं म्हणणं एकच, "अरे, माती मेली आहे. युरिया टाकला तर पीक येतं, नाही टाकला तर येत नाही. मेलेल्या मातीला किती दिवस सलाईन लावू?"

काका अडुसष्टचे. मी आठवडाभर लॅपटॉपसमोर बसणारा माणूस. त्यांना शेतीचं शिकवण्याची माझी लायकी नाही, पण मातीचा मृत्यू तपासता येतो एवढं मला माहीत होतं. सॉइल हेल्थ कार्ड करून घेतलं. सामू ८.१, पोटॅश भरपूर, आणि सेंद्रिय कर्ब ०.३९ टक्के. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे 'कमी'. माळव्याच्या काळ्या मातीत हे नवल नाही. तिची चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून एप्रिलमध्ये भेगांत हात जातो. तिच्यात अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद मुळातच मोठी असते. कमी पडतो तो कुजलेला पाला-शेण, जो कणांना कणांशी बांधून मातीत हवा खेळती ठेवतो. तो संपला की पावसात चिखल आणि उन्हात वीट.

आणि आपण तो जाळतो. गहू निघाला की एप्रिलमध्ये माळव्यात रात्री क्षितिजावर लाल रेघा दिसतात, ती नरवाई. काडी लावली की शेत मोकळं, सोयाबीनला तयार. मजूर मिळत नाही, हे कारण खरंच आहे. शेतकऱ्याला शिव्या देऊन भागणार नाही.

नरवाईचं काय करावं हे शोधताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर आलं : 'इंदूर पद्धत'. इंग्रजीतसुद्धा तेच, आपल्या शहराच्या नावाने. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ पासून बिहारमध्ये पुसाला काम करत होते. १९२४ मध्ये ते इंदूरला आले. होळकर सरकारने सुमारे तीनशे एकर जमीन दिली, कापूस समितीने पैसे दिले आणि 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर. काम होतं कापसाचं, पण हॉवर्डना दिसलं की वाण कितीही सुधारला तरी भुकेल्या मातीत तो फार चालत नाही. चीनमधले शेतकरी काहीही वाया न घालवता शेकडो वर्षं जमीन कशी टिकवतात, हे त्यांनी वाचलं होतं. त्यांनी आपल्याकडचा काडीकचरा आणि शेण घेऊन खड्ड्यांवर प्रयोग सुरू केले.

त्या प्रयोगांतली रसायनाची बाजू सांभाळली ती यशवंत वाड यांनी. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. जगात सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगताना हॉवर्डचं नाव येतंच, वाडांचं क्वचित. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात इंदूरविषयी प्रश्नमंजूषा होते, तिच्यात पुढच्या वर्षी हा प्रश्न घालावा असं मी कार्यकारिणीला सुचवून ठेवतो.

१९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा तेही मुद्दाम हे खत पाहायला गेले होते.

पद्धत अवघड नाही. खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन-तीन फूट खोल. त्यात काडीकचऱ्याचे थर, मधे शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख. कपाशीच्या, तुरीच्या कडक काड्या ते आधी गाडीवाटेवर पसरून ठेवायचे, बैलगाड्याच त्या चिरडायच्या. साधारण दोन आठवड्यांनी पहिली पालटणी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी आणि नव्वद दिवसांत खत. मुद्दा प्रमाणाचा आहे. सुरुवातीला मिश्रणात एका भाग नत्राला सुमारे तेहतीस भाग कर्ब असावा, खत तयार होताना तो दहाच्या आसपास येतो. नुसता गव्हाचा काड टाकला तर त्यात नत्र फारच थोडं, म्हणून तो वर्षभर तसाच पडून राहतो. नुसतं शेण टाकलं तर वास येतो आणि नत्र उडून जातं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हा त्यांनी जमिनीवरच ढीग रचले.

आम्ही सगळंच जमिनीवर केलं. दहा फूट बाय पाच फूट, छातीपर्यंत उंच. शेजारच्या शेतांतला गव्हाचा काड आणि सोयाबीनचं भूस बासाबांनी ट्रॉलीने आणवलं, लोक फुकट द्यायला तयार होते. मंडीत न खपलेली भाजी, काकूंच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा. शेण पलीकडच्या गोठ्यातून, ते मात्र विकत. चौथ्या दिवशी बासाबांनी ढिगात सळई खुपसली, पाच मिनिटांनी काढून माझ्या हातात दिली आणि मी ती टाकूनच दिली, इतकी तापली होती. ही उष्णताच तणाचं बी मारते. ढिगातला मूठभर माल पिळला तर थेंब-दोन थेंब पाणी सुटावं, ओघळ नको. ओल मोजायला एवढं पुरतं.

खताबरोबर दुसरं काम केलं ते ढैंच्याचं. पहिल्या पावसावर एका बिघ्यात पेरला, दीड महिन्यात कमरेएवढा झाला आणि फुलायच्या आत मातीत गाडला. त्या मोसमात तो बिघा कमाईशिवाय राहिला. काकांनी त्याचा हिशेब वहीत लिहिला आणि मला मुद्दाम वाचून दाखवला. बरोबरच होतं. माती सुधारायला पैसा लागतो, पण त्याहून जास्त लागतो तो एक रिकामा हंगाम. ज्याचं घर त्या बिघ्यावर चालतं त्याला हे सांगणं सोपं नाही. आमच्याकडे माझा पगार होता. तिसरी गोष्ट फुकटची : ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर घालायचा नाही, आणि मेथी-पालक उंच गादीवाफ्यावर.

पहिल्या वर्षी डोळ्यांना काही दिसलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसल्या आणि बासाब त्या दाखवायला काकांना घरातून बोलावून घेऊन आले. युरिया बंद झालेला नाही. लसणाला अजून टाकतो, पूर्वीच्या साधारण अर्धा. तिसऱ्या वर्षीच्या कार्डवर कर्ब ०.५४. 'कमी'तून 'मध्यम'.

गंमत अशी की हल्ली देवगुराडियाजवळ आपल्या शहराचा ओला कचरा रोज शेकडो टनांनी कुजवून त्यातून गॅस आणि खत काढतात आणि देशभरातून पाहुणे ते बघायला येतात. त्यांतल्या किती जणांना कृषी कॉलेजकडे नेतात, कोण जाणे.

विकायचं की ठेवायचं, हे ठरलेलं नाही. बंगळुरूच्या चुलतबहिणीला तिच्या मुलीच्या शिक्षणासाठी पैसा हवा आहे आणि तिचं म्हणणं चुकीचं नाही. दिवाळीत सगळे जमू तेव्हा बोलणं होईल. काकांनी मात्र आताच्या ढैंच्याचं बी स्वतः जाऊन आणलं, आणि गेल्या महिन्यात भाव विचारायला आलेल्या माणसाला गिलकी देऊन परत पाठवलं.

ढिगाची तिसरी पालटणी येत्या रविवारी आहे. कुणाला हात लावून बघायचा असेल तर सकाळी सातपर्यंत पोचा, नंतर ऊन चढतं. जुने बूट घालून या.