लाल टॅग

सगळी नोकरी मी इतरांनी बनवलेले भाग नाकारण्यात घालवली. धारवाडच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी इनकमिंग इन्स्पेक्शनला होतो. बाहेरून आलेला माल टेबलावर यायचा, शेजारी ड्रॉइंग उघडलेलं असायचं. मापात बसला तर हिरवा टॅग, नाही बसला तर लाल. पुरवठादार चहा पाजायचे, हात जोडायचे, ‘साहेब, केसाएवढाच तर फरक आहे’ म्हणायचे. चहा मी प्यायचो, टॅग बदलायचो नाही.

असल्या माणसाचं घरच्या गाडीबद्दलचं मत काय असणार? पार्ट कंपनीचाच हवा, तो बसवणारा माणूसही कंपनीने शिकवलेला हवा, आणि सुट्टीच्या दिवशी व्हरांड्यात पाने पसरून बसणाऱ्यांना काही उद्योग नाही. बाजारातल्या पार्टला मी सरसकट ‘लोकल माल’ म्हणायचो, तेही तोंड वाकडं करून. हे मत आता माझं राहिलेलं नाही. माळमड्डीतल्या आमच्या व्हरांड्यात आता माझेच पाने पसरलेले असतात. जुने सहकारी भेटले की हसतात, म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो.

गाडी वडिलांची. येझदी, सत्तरच्या दशकातली, अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि किक नि गिअर एकाच लिव्हरला. नवखा माणूस ती चालू करायला गेला की आजूबाजूचे लोक काम थांबवून बघत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर गाड्या बनवायला सुरुवात केली, पुढे येझदी हे नाव आलं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. वडील सावध गृहस्थ. कारखान्याची घरघर त्यांच्या कानावर आधीच आली होती. त्यांनी ऑइल सील, कॉन्टॅक्ट पॉइंट, क्लच प्लेटा, केबली असं काय काय आणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलं. ते गेल्यावर गाडीबरोबर तो डबाही माझ्याकडे आला.

डबा मी जपून वापरला. तो रिकामा होत गेला तशी गाडीही कमी बाहेर काढू लागलो आणि एक दिवस ताडपत्री घातली. ओरिजिनल पार्ट मिळेपर्यंत उभी राहू दे, म्हटलं. ज्या कंपनीला टाळं लागलं तिचा ओरिजिनल पार्ट येणार कुठून, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हतो. मला ती निष्ठा वाटत होती. हुबळीच्या विद्यानगरात इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा एवढंच म्हणायचा, ‘‘मामा, मग ती देवघरातच ठेवा की.’’

निवृत्तीनंतर वेळ हाताशी आला आणि मी इंजिन उघडलं. क्रँकच्या उजव्या बाजूला, डायनॅमोच्या मागे, एक ऑइल सील असतो. दिसायला रबराची साधी चकती. पण टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. सील गळका झाला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही. आमच्या गाडीचं तेच दुखणं होतं. डब्यात शेवटचा सील शिल्लक होता. म्हैसूरचं पाकीट, त्यावर पार्ट नंबर, आत चकचकीत काळा सील. नोकरीत असतो तर पाकीट बघूनच अर्धा हिरवा टॅग लावला असता. शाफ्टला टेकणारा त्याचा ओठ मी बोटाने जरासा वाकवला, तर त्याला भेगा पडल्या. थोडा आणखी वाकवला, तुकडाच हातात आला.

रबराला वय असतं हे मला नवीन नव्हतं. कारखान्यात रबरी मालाच्या तारखा मीच तपासायचो आणि मुदत उलटलेल्या मालाला बिनदिक्कत लाल टॅग लावायचो. पण वडिलांच्या डब्याला तो नियम लावावा असं मला कधी सुचलंच नव्हतं.

चिगरी बसने होसूरला उतरलो आणि हुबळीतल्या एका बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीचं नाव विचारलंच नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, एवढंच विचारलं. ऑइल सीलला गाडी नसते, माप असतं. कुठल्याशा पंपासाठी नाहीतर गिअरबॉक्ससाठी बनलेला सील आमच्या क्रँकला चालणार होता. त्याने दोन काढून ठेवले. एक नेहमीचा नायट्राइलचा काळा, दुसरा वायटनचा तपकिरी, जास्त किमतीचा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. वायटन पेट्रोलही सोसतो आणि उष्णताही. सत्तरच्या दशकात म्हैसूरमध्ये बसून कुणी इथेनॉलचा विचार करण्याचं कारणच नव्हतं. मी खिशातून व्हर्नियर काढला. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘बघा री, सावकाश बघा.’’ तिन्ही मापं बरोबर होती.

परतताना उणकल तळ्यापाशी बस थांबली होती, तेव्हा मनात आलं की या पुडीत असलेला तुकडा कुठल्याही हिशेबाने ‘लोकल माल’ आहे. आणि वडिलांनी जपून ठेवलेल्या ओरिजिनलपेक्षा तो सरस आहे, हे माझं स्वतःचं माप सांगत होतं.

एकदा तिथे चीर पडली की मग बाकीचं दिसायला लागतं. ज्या गाडीला आपण ‘अख्खी कंपनीची’ म्हणतो, तिच्या चेनच्या कड्यांवर चेन बनवणाऱ्याचं नाव असतं, प्लगवर मायकोचं, टायरवर टायरवाल्याचं. बेअरिंग, बल्ब, केबली, सगळं बाहेरून आलेलं. आमच्या कारखान्यातही तसंच होतं, नाहीतर माझी नोकरी कशाला असती! बाहेरून आलेला भाग माझ्या टेबलावरून पलीकडे गेला की त्याला कंपनीचा पार्ट म्हणायचे. मधे काय होतं? मी होतो, एक ड्रॉइंग होतं आणि एक व्हर्नियर. त्यातलं ड्रॉइंग सोडलं तर बाकी सगळं व्हरांड्यात हजर होतं.

ड्रॉइंगची उणीव जुन्या हुबळीतल्या एका लेथवाल्याने भरून काढली. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला टर्नर. मला फोर्कचा बुश करून हवा होता. मी मोठ्या हौसेने मापं घालून, टॉलरन्स लिहून ड्रॉइंग करून नेलं. त्याने कागद हातातही घेतला नाही. ‘‘ड्रॉइंग ब्याड्री, सँपल कोड्री.’’ ड्रॉइंग नको, नमुना द्या. झिजलेला बुश त्याने बोटांत फिरवला, झीज किती ते नखाने चाचपलं आणि मूळ माप काय असेल ते मला तोंडी सांगितलं. माझ्या कागदावर तेच होतं. घरी येऊन मी त्याचा बुश मायक्रोमीटरने पुन्हा मोजला, आणि खरं सांगायचं तर चूक निघावी अशी इच्छा मनात ठेवून मोजला. निघाली नाही.

मग इलेक्ट्रॉनिक इग्निशनची पाळी आली. धारवाडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कॉन्टॅक्ट पॉइंटवाल्या गाडीचं दुःख सांगायला नको. आमच्याकडे तो कोसळत नाही, दिवसेंदिवस रिमझिमत राहतो. कव्हरच्या आत दमट हवा शिरते, पॉइंटवर काजळी धरते, ठिणगी बसते. वडील खिशात पॉलिश पेपरचा तुकडा ठेवायचे. पॉइंट काढून त्या जागी पिकअप बसवायचा किट बाजारात मिळतो. भाचा कधीचा मागे लागला होता.

पहिला किट मी परत पाठवला. त्याच्या प्लेटचं मधलं भोक केंद्रात नव्हतं. भाचा वैतागला: ‘‘मामा, जरा घासलं की बसेल.’’ भोकाचा आकार घासून वाढवता येतो, केंद्र घासून सरकत नाही, हे त्याला प्लेट फिरवून दाखवलं तेव्हा पटलं. दुसऱ्या किटची प्लेट ठीक होती, फक्त स्क्रूच्या खाचा आखूड होत्या. त्या मात्र मी कानशीने वाढवल्या. आर्मेचर ओढून काढायला पुलर लागतो. तो नसला की लोक हातोडी चालवतात आणि क्रँकचं टोक ठोकून ठेवतात. पुलर आम्ही उसना आणला. टायमिंगसाठी प्लगच्या भोकातून डायल गेज सोडला, पिस्टन अगदी वर कुठे येतो ते पाहिलं, तिथून मागे हिशेब केला. पुन्हा फिरवला, पुन्हा पाहिलं. वायरी कुठे घासतील ते बघून जाड नळीतून घेतल्या. या सगळ्यात सुट्टीचा अख्खा दिवस गेला.

आणि इथेच माझ्या जुन्या मताचा दुसरा पाय गेला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाकडे असा दिवस कुठून येणार? त्याच्यामागे रांग असते, प्रत्येक गाडीला ठरलेली मिनिटं असतात, त्यात तो बिचारा जे करता येईल ते करतो. कंपनीने शिकवलेला हात मोठा की वेळ असलेला हात, हा प्रश्न मी नोकरीत असताना विचारला नाही, कारण तिथे वेळ मोजून देणाऱ्यांत मीही होतो. अर्थात वेळ आहे म्हणून कुणीही पाना उचलावा असं माझं म्हणणं नाही. ॲल्युमिनिअमच्या केसिंगमधले आटे दोन बोटं जास्त जोर लावला की जातात, आणि ते गेले की लेथवाल्याकडे दुसरी फेरी.

काही बाबतींत मात्र मी होतो तिथेच आहे. माळमड्डीच्या बोळांतून पुंगळी काढलेल्या सायलेन्सरच्या गाड्या रात्री जातात, त्यांच्या मालकांना माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही. नवी गाडी, १७५ सीसीच्या वरची, कारखान्यातून बाहेर पडताना तिला ८० डेसिबलची मर्यादा असते. त्या मर्यादेत बसवायला कुणीतरी टेबलावर बसून डोकं चालवलेलं असतं, आणि हे ते हातोडीने काढतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गंमत अशी की त्याच कायद्याच्या नियमांत मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण हवं असंही आहे, म्हणजे आपला साडी गार्ड. तो काढून टाकणारी पोरं आणि पुंगळी काढणारी पोरं बहुतेक तीच असतात.

दिव्याचंही तसंच. फिलामेंटच्या बल्बसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घुसवला की उजेड पडायचा तिथे पडत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत पसरतो. बायपासवर रात्री समोरून असा एक आला की पुढचे काही क्षण आपण अंदाजाने गाडी चालवत असतो. भाच्याने आणलेला तसला बल्ब मी लाल टॅग लावून, अगदी खरा, जुन्या पुडक्यातला टॅग दोऱ्याने बांधून, त्याच्या हातात परत दिला. तो त्याने हॉस्टेलच्या भिंतीवर टांगलाय म्हणे.

येझदी आता चालते. धारवाड-हुबळी सहज, एकदा कित्तूरपर्यंतही जाऊन आली. तिच्यात म्हैसूरचं किती उरलंय याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

सध्याचा वाद पुढच्या ब्रेकचा आहे. भाच्याला ड्रम काढून डिस्क बसवायची आहे. चाक, मास्टर सिलिंडर, होज सगळं मिळतं म्हणतो, फक्त कॅलिपरचा ब्रॅकेट फोर्कच्या नळीला वेल्ड करायचा. मी त्याला विचारलं, ब्रेक दाबल्यावर त्या वेल्डवर किती जोर येईल? या वेळी त्याने हात झटकले नाहीत. चार दिवसांनी वही घेऊन आला, आकडेमोड केलेली. आकडे बरोबर आहेत. वेल्ड कोण मारणार आणि तो आतून तपासणार कोण, तो रकाना त्याने कोरा सोडलाय. वही माझ्या टेबलावर आहे आणि तिला अजून कुठलाच टॅग लावलेला नाही.