बाजूला बसलेला प्रेक्षक

दूरचित्रवाणी संचाची निवड हा वाङ्मयीन चिंतनाचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण हसतील. परंतु कलाकृती कोण पाहतो, कोठून पाहतो, आणि त्या पाहणाऱ्याची कल्पना कलाकृतीच्या घडणीत आधीच कशी मुरलेली असते, याविषयी आपण एम.ए.च्या वर्गात जे तासन्‌तास बोलतो, त्याचा एक अगदी रोकडा प्रत्यय मला खामगावच्या एका दुकानात आला. तो तेथल्या मालाच्या तांत्रिक तपशिलांतूनच आला असल्यामुळे ते तपशील जरा विस्ताराने सांगणे भाग आहे.

निमित्त घरगुती होते. चिखलीच्या घरी वडिलांच्या खोलीतील जुना संच बंद पडला आणि नवा घेण्याचे काम माझ्याकडे आले. वडील निवृत्त शिक्षक. काचबिंदूने उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेली, डाव्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. दोन वर्षांपूर्वी मांडीचे हाड मोडल्यापासून त्यांचा दिवस खिडकीलगतच्या दिवाणावर जातो. संच ज्या भिंतीवर लावायचा त्या भिंतीशी हा दिवाण जवळजवळ काटकोनात आहे. समोरच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आई बसते. भाजी निवडता निवडता तिची मालिका चाललेली असते. भिंतीच्या बरोबर समोर दोन खुर्च्या आहेत, पण त्या पाहुण्यांच्या. म्हणजे आमच्या घरात दूरचित्रवाणी पाहणारी दोन्ही माणसे बाजूने पाहतात आणि समोरची जागा बव्हंशी रिकामी असते. दिवाण हलवावा, असे एकदा सुचवून पाहिले. वडील एवढेच म्हणाले, "इथून रस्ता दिसतो." पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

दुकानात प्रथम गाठ पडते ती नावांशी. एलसीडी, एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशी ही नावे जणू इयत्तांप्रमाणे चढत्या क्रमाने सांगितली जातात. वस्तुस्थिती वेगळी आहे. 'एलईडी टीव्ही' नावाने जे विकले जाते ते मुळात एलसीडीच होय. द्रवस्फटिकांचा पडदा तोच. पूर्वी त्यामागे बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असत, त्यांच्या जागी एलईडी दिवे आले, एवढेच. क्यूएलईडी हाही एलसीडीच. त्यात मागच्या प्रकाशाचे रंग अधिक शुद्ध करणारा क्वांटम कणांचा एक थर असतो. (याच कणांच्या शोधासाठी २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले.) ओएलईडी मात्र सर्वस्वी भिन्न जातीचा. रोमन लिपीत या शेवटच्या दोन नावांच्या आद्याक्षरांत केवळ एका शेपटीचा फरक आहे, आणि त्या शेपटीवर बराच व्यापार चालतो. मागच्या दिव्याचे नाव अख्ख्या संचाला देणे ही लक्षणाच म्हणायची. फरक इतकाच की काव्यशास्त्रात लक्षणेचे प्रयोजन रसिकाला उमगावे अशी अपेक्षा असते, येथे ते न उमगणे सोयीचे ठरते.

नावे बाजूला सारली की दोनच कुळे उरतात, स्वयंप्रकाशी आणि परप्रकाशी. परप्रकाशी कुळात पडद्यामागे दिवा सतत जळत असतो आणि द्रवस्फटिक झडपांसारखे उघडमीट करून तो अडवतात किंवा सोडतात. झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून या पडद्यावरची रात्र कधी पुरती काळी नसते, राखाडी असते. मागच्या दिव्यांचे लहान लहान गट करून अंधाऱ्या भागापुरते ते मंद करण्याची युक्ती महागड्या संचांत असते, पण तत्त्व तेच राहते. स्वयंप्रकाशी कुळात पडद्याचा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. प्लाझ्मा या कुळातला. १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात त्याचा जन्म झाला, या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या सपाट पडद्यांत त्याचाच दरारा होता, आणि २०१३-१४ या काळात पॅनासॉनिक, सॅमसंग व एलजी या कंपन्यांनी त्याचे उत्पादन थांबवले. तो जड होता, तापत असे आणि वीज फार खात असे. ज्या वर्षांत आपल्याकडे भारनियमनाचे वेळापत्रक पाहून दळण टाकावे लागे, त्या वर्षांत विदर्भातल्या तालुक्याच्या गावी तो फारसा रुजला नाही यात नवल नाही. आज त्या कुळाचा वारसा ओएलईडीकडे आहे.

खरे तर या कुळाचा मूळपुरुष आपल्या सर्वांच्या घरी होता. जुन्या पेटीवजा संचातील चित्रनलिकेच्या काचेवर आतून लावलेला लेप इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने स्वतः उजळत असे. त्यामुळे कोठूनही पाहिले तरी चित्राचा रंग पालटत नसे. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. आमच्या गल्लीत ज्या एका घरी संच होता तेथे वीस-पंचवीस माणसे जमत. वडीलधारी समोर, बाया दाराच्या बाजूला, आम्ही पोरे पार भिंतीला खेटून, इतकी तिरकी की पडदा सुरीच्या पात्याएवढा अरुंद दिसावा. वर गच्चीवर कोणीतरी अँटेना फिरवी आणि खालून "आलं, आलं, गेलं" असा पुकारा होई. पडद्यावर मुंग्या येत त्या सर्वांना सारख्याच येत, आणि राम दिसे तोही सर्वांना सारखाच दिसे. त्या यंत्राने बसण्याच्या जागेवरून माणसामाणसांत भेद केला नाही. तेव्हा ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येण्यासारखी नव्हती, कारण दुसरे काही पाहिलेच नव्हते.

एलसीडीची वंशावळ निराळी आहे. १९७०च्या दशकात तो लोकांच्या हाती पोहोचला तो मनगटी घड्याळांतून आणि गणकयंत्रांतून, पुढे लॅपटॉपमधून. ही सारी एकेकट्याने, अगदी समोरून पाहायची साधने. एका डोळ्यासाठी घडलेला पडदा मोठा करून भिंतीवर टांगला, तेव्हा बाजूला बसलेल्याचे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्याच्या प्रयत्नांतून १९९०च्या दशकात जपानी कंपन्यांनी द्रवस्फटिकांच्या दोन रचना विकसित केल्या. आयपीएस या रचनेत स्फटिक पडद्याच्या प्रतलातच फिरतात, म्हणून बाजूनेही रंग टिकतात. काळा मात्र अधिक राखाडी दिसतो. व्हीए या रचनेत ते पडद्याशी उभे राहतात, त्यामुळे प्रकाश चांगला अडतो आणि समोरून काळा गडद दिसतो. पण बाजूला सरकले की चेहरे पांढुरके पडतात. पहिल्यात सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटांचे प्रमाण साधारणतः हजारास एक, दुसऱ्यात ते तीन हजारांपासून पुढे. म्हणजे समोरच्याला काळोख द्यायचा की बाजूच्याला रंग, असा हा सौदा आहे. खोक्यावर ही माहिती सहसा छापलेली नसते आणि दुकानात ती कोणी आपणहून सांगत नाही.

खामगावच्या त्या दुकानात तीस-पस्तीस संच ओळीने लावलेले होते. सर्वांवर एकच चित्रफीत चालू होती. पोपट, डाळिंबाचे दाणे, कोठल्यातरी परदेशी शहराची रात्र. दुकानात संच नेहमी सर्वाधिक झगमगाटावर लावलेले असतात, कारण तेथे त्यांची स्पर्धा एकमेकांशी असते. विक्रेता तरुण, उत्साही होता. ओएलईडीसमोर मला उभे करून म्हणाला, "पाहा ना सर, काळा कसा दिसून राह्यला! डांबरच!" आणि तो खरोखर डांबरासारखा काळा होता. कबूल केले पाहिजे, मन तेथेच गुंतले. सत्यजित राय किंवा बर्गमन यांचे कृष्णधवल चित्रपट आम्ही विद्यार्थ्यांना दाखवतो ते प्रोजेक्टरच्या विटक्या उजेडात. हा काळोख घरी असावा, सुट्टीत चिखलीला गेल्यावर रात्री सगळे निजल्यावर एकट्याने पाहावा, हा मोह लहान नव्हता. दिवाळीचा बोनस हाताशी होता. शिवाय ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलेला.

मी विक्रेत्याला विनंती केली की मला दिवाणावर बसल्यासारखे बघू द्या. त्याला वाटले, मला बसायला हवे. त्याने स्टूल आणले. ते मी पडद्याच्या पार कडेला सरकवले आणि तेथून एकेक संच पाहत गेलो. समोरून सुरेख वाटलेल्या दोन संचांवरचा पोपट तेथून धुतल्या कापडासारखा फिका झाला. एका साध्या, त्यांच्याहून स्वस्त संचावरचा हिरवाच राहिला. ओएलईडीचाही हिरवाच राहिला, हे सांगायला हवे. स्वयंप्रकाशी कुळाचा तो गुण आहेच. परंतु आमच्या खोलीत पश्चिमेची खिडकी दिवसभर उघडी असते. भर उजेडात पडदा वाचता यायला हवा तर एकूण झगमग जास्त लागते आणि त्यात एलईडी दिव्यांची बाजू अजूनही भक्कम आहे. उजेडाने भरलेल्या खोलीत गडद काळ्याचे मोलही उरत नाही, कारण काचेवर खिडकीच दिसते. दुसरे म्हणजे वडील सकाळपासून मराठी बातम्यांच्या वाहिन्या लावतात. त्या वाहिन्यांचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी असते. स्वयंप्रकाशी बिंदू जळून जळून झिजतात, आणि एकाच जागचे बिंदू अधिक जळले तर तेथे कायमचा व्रण उमटण्याचा धोका असतो. प्लाझ्मालाही तो होता. रात्री एकदा चित्रपट पाहणाऱ्याला याची फिकीर नाही. दिवसभर बातम्या पाहणाऱ्याला आहे.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की परीक्षणांतून 'सर्वोत्तम पडदा' म्हणून ज्याचा गौरव होतो, त्यामागे एक विशिष्ट खोली गृहीत धरलेली असते. ती खोली अंधारी असते, प्रेक्षक एकटा असतो, मधोमध बसलेला असतो, त्याचे दोन्ही डोळे शाबूत असतात. परीक्षण खोटे नसते. त्या खोलीत ते खरेच असते. आपल्या समीक्षेतील आदर्श वाचकही असाच मधोमध बसवलेला असतो. त्याला प्रमाणभाषा येते, संदर्भ ठाऊक असतात, निवांतपणा असतो. आमच्या वर्गातली मुले घाटाखालच्या नि घाटावरच्या गावांतून एसटीने येतात. पाठ्यपुस्तकातली कादंबरी ती ज्या कोनातून पाहतात तेथून तिचे काही रंग फिके पडलेले असतात, आणि आपण ते त्यांच्या दृष्टीचे उणेपण म्हणून उत्तरपत्रिकेत नोंदवतो. पडद्याच्या बाबतीत मात्र दोष पाहणाऱ्याच्या डोळ्याचा की पडद्याच्या घडणीचा, हे स्टूल सरकवून तपासता येते. साहित्याच्या बाबतीत ते स्टूल कोठे ठेवायचे, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. पण ते सरकवून पाहिले पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही.

अखेरीस घेतला तो ४३ इंचांचा आयपीएस पडद्याचा साधा एलईडी, म्हणजे अर्थात एलसीडी. कितीतरी पैसे वाचले. त्यांतून वेगळा ध्वनिवर्धक घेतला, कारण संच जसजसे पातळ होत गेले तसतशी आवाजाला पेटीच उरली नाही. लहान स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि कीर्तनकाराचे शब्द भिंतीशी बोलल्यासारखे येतात. एका डोळ्याने पाहणाऱ्या माणसाचे निम्मे पाहणे कानांनी होत असते. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे 'शीळ' हे गीत जी. एन. जोशी यांच्या आवाजातल्या तबकडीवरून १९३०च्या दशकात दूरदूर पोहोचले. त्या नावाचा संग्रह यायला १९५४ साल उजाडले. ज्यांनी ते ऐकले त्यांतल्या कितीकांनी ना मेहकर पाहिले असेल, ना कवी.

संच लावून झाल्यावर वडिलांनी बातम्यांची खालची पट्टी मोठ्याने वाचून दाखवली, पूर्वी वर्गात धडा वाचत तशी, स्वल्पविरामावर थांबून. मग म्हणाले, "रात्रीच्या सीनमध्ये अंधार जरा पांढरट दिसतो रे." त्यांचे निरीक्षण अचूक होते. आयपीएसचा हा दोष मी त्यांना सांगितलेला नव्हता. मी म्हटले, "हो बाबा, पण तुम्हाला बाजूने दिसावं म्हणून तसा घेतला." त्यावर ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी हाक दिली आणि त्यांनी मान खिडकीकडे वळवली.