गुरुजी, तुम्ही कंडक्टर की ड्रायव्हर?

ओपीडीत शिक्षक चटकन ओळखू येतात. फाइल तारखेप्रमाणे लावलेली, शंका कागदावर क्रमांक घालून लिहिलेल्या. आणि ‘व्यायाम काय करता?’ या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं: "व्यायामाला वेळ कुठला डॉक्टर? पण दिवसभर उभीच असते की हो!" बाई खोटं बोलत नाहीत. संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात, पोटरीवर निळ्या शिरा फुगलेल्या दिसतात. हृदयाच्या खात्यात मात्र या उभं राहण्याचं फारसं काही जमा होत नाही.

शरीराचा ऊर्जाखर्च आम्ही ‘मेट’मध्ये मोजतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च १ मेट. फळ्यापाशी एका जागी उभं राहिलं तर तो दीडच्या आसपास जातो; भरभर चाललं की ३च्या पुढे. चालताना पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू आकुंचन पावतात, रक्तातली साखर आणि चरबी ओढून घेतात, शिरांमधलं रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की तेच रक्त पायांत साचतं.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास करून १९५३ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. बस तीच, वस्ती साधारण तीच; पण ड्रायव्हर पाळीभर बसलेला, तर कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. पोस्टमन आणि पोस्टात टेबलावर बसणारे यांच्यातही तोच कल दिसला. मला मॉरिस आवडतात ते त्यांच्या पुढच्या कामामुळे. १९५६ साली त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं काढली, आणि ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कमरेने जाड असतात हे स्वतःच छापलं. म्हणजे सगळा दोष बसण्याचा नव्हता. पण बसण्याचा वाटाही काही पुसला गेला नाही. पुढच्या कित्येक अभ्यासांत तो दिसत राहिला.

आपले शिक्षक स्वतःला कंडक्टर समजतात. पूर्वी ते होतेही. कराडला राहून पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेवर जाणारे गुरुजी आज मोटरसायकलवर बसून जातात. त्यांच्या आधीचे गुरुजी गावातच खोली घेऊन राहायचे आणि वाडीवस्तीवर पायी फिरायचे. शाळेत पोचल्यावर यू-डायस, शालार्थ या सरकारी पोर्टलांवरची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, आधारची जुळवाजुळव. ऑफ तास स्टाफरूममध्ये मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येतात; रात्री एकच्या पुढे मान खाली, शेजारी गोड चहा आणि फरसाण. गंमत अशी की ज्या मतदारयादीच्या (बीएलओच्या) कामाला शिक्षक सगळ्यात जास्त शिव्या घालतात, तेच त्यांना घरोघर फिरवतं. (माझं हे मत शिक्षक संघटनांना कळवू नका.)

ट्रेडमिलवरच्या चाचणीत पितळ उघडं पडतं. पहिली तीन मिनिटं वेग ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे बाजारात रेंगाळण्याइतका. पण पट्टा चढाचा असतो. सर गप्पा मारत असतात. पुढच्या टप्प्यात वेग ४ किलोमीटर होतो, चढ वाढतो. गप्पा थांबतात, हात दांडी घट्ट धरतात. "झालं का डॉक्टर?" तास घेताना तासभर न थकणारा आवाज तिथे पाच मिनिटांत तुटक होतो.

पन्नाशीचं वयही जपण्याचं. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांच्या पहिल्या झटक्याचं मध्यक वय ५३ निघालं. इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. आपल्याकडे शिक्षक ५८ला निवृत्त होतो. ‘रिटायर झालो की फिरायला लागू’ हा बेत म्हणूनच मला पटत नाही.

मी खुर्ची टाकून द्या असं सांगत नाही. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून असं दिसलं की रोज तास-सव्वा तास भरभर चालणाऱ्यांना आठ तासांच्या बैठकीची फारशी झळ लागत नाही. तेवढं सगळ्यांना जमत नाही. मग निदान मुलं लिहीत असताना बाकांच्या रांगांमधून फिरा, गठ्ठा शेजारी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दहा-दहा पेपर उठून आणा. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घ्या.

आणि एक गोष्ट जरा रागानेच लिहितो. जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, याला शिक्षक पित्त म्हणतात. बायका तर नुसती धाप किंवा जबडा दुखणं अंगावर काढतात. आडवं झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला की सगळे निश्चिंत. पण असा ईसीजी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतानाही नॉर्मल येऊ शकतो. अँजिओग्राफी सुचवली की उत्तर येतं, "निकाल लागू दे, मे महिन्यात बघू." रजेचा अर्ज कसा लिहायचा हे तुम्हीच मुलांना शिकवता ना? मग स्वतःसाठी एक फेब्रुवारीतच लिहा.