पहाटेची साखर

वडीगोद्रीच्या रानात ऊस वाढतो तो उन्हात, सर्वांदेखत, आमच्या सौ.च्या रक्तातली साखर मात्र वाढे ती सारे घर निजलेले असताना! निजताना 140, उठल्यावर 230. मधे पोटात अन्नाचा कण नाही.

डॉक्टरांनी रात्री तीनला तपासायला सांगितले. तेव्हा 135 भरली. म्हणजे चढ त्यानंतरचा. पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते आणि त्याची संप्रेरके यकृताला साखर सोडायला लावतात. इकडे जेवणाआधी आठला टोचलेले एनपीएच इन्सुलिन, 1946 साली डेन्मार्कमध्ये सिद्ध झालेले, मध्यरात्रीनंतर जोर करून नेमके तेव्हाच ओसरू लागते.

"मग मात्रा वाढवली तर?" मी विचारले.

"आणि दोन वाजता साखर घसरली तर? शेजारी निजलेल्या तुम्हांलाही कळायचे नाही."

माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवली. वेळ तेवढी निजतानाची, साडेदहाची केली. आठवड्याने सकाळचा आकडा 150 वर आला.

"राखणदार तोच, पगार तोच, पाळी तेवढी बदलली!" सौ. म्हणाली.

ती आता निर्धास्त झोपते. मी मात्र अधूनमधून तीनचा गजर लावतो.