पेन्सिल घेऊन वाचायचा ग्रंथ

काही ग्रंथांच्या वाट्याला मान पुष्कळ येतो, वाचक मात्र थोडे येतात. डोनाल्ड कनूथ यांचा ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा त्यांपैकीच एक. त्याचा पहिला खंड १९६८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्र शिकणारी आमच्या घरातली मुले विचारतात, ‘आता यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, मग हा जुना, जाडजूड ग्रंथ कशासाठी वाचायचा?’ प्रश्न रास्त आहे. ग्रंथ महाग आहे आणि तरुणपणीचा वेळ त्याहून महाग.

आक्षेपांत तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवे. १९६२ साली कनूथ यांच्याकडे कंपायलरवरील एका पुस्तकाची मागणी झाली. त्यातून पुढे सात खंडांची योजना उभी राहिली. चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ साली आला; पण ज्या कंपायलरसाठी लेखणी उचलली, ते प्रकरण अद्याप प्रसिद्ध व्हायचेच आहे. पहिल्या खंडातील प्रोग्रॅम ‘मिक्स’ नावाच्या काल्पनिक यंत्राच्या भाषेत आहेत आणि गणित तर पानोपानी भेटते.

तरीही हा ग्रंथ वाचावा, असे आम्हांला वाटते. त्याचा आरंभ होतो युक्लिडच्या रीतीने, म्हणजे शाळेत आपण गिरवलेल्या मसावीने. पहिल्या संख्येला दुसरीने भागावे, बाकी उरल्यास दुसरीला त्या बाकीने भागावे आणि बाकी शून्य होईपर्यंत असेच करीत जावे. उत्तर आले की आपण वही मिटतो. कनूथ मात्र विचारतात : ही रीत संपेलच कशावरून? आणि संपेपर्यंत भागाकार किती होतील?

एका स्वाध्यायात दुसरी संख्या ५ घेऊन भागाकारांची सरासरी विचारली आहे. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. पाचाने भागल्यावर बाकी पाचच प्रकारची उरू शकते. म्हणून पाच उदाहरणे पुरतात. पहिली संख्या अनुक्रमे १, २, ३, ४, ५ घेतल्यास भागाकार २, ३, ४, ३, १ होतात. बेरीज १३, सरासरी २.६. आयुष्यभर वापरलेली रीत त्या दिवशी आम्हांला प्रथमच आतून दिसली.

या दृष्टीचे मोल तिसऱ्या खंडात कळते. शब्दकोश मध्यावर उघडून नको असलेला अर्धा भाग वगळीत जाण्याची शोधरीत आपल्या परिचयाची आहे. संगणकासाठी तिची चर्चा १९४६ साली झाली. पण कोणत्याही लांबीच्या यादीला लागू पडणारी निर्दोष मांडणी छापली जाण्यास त्यानंतर दहाहून अधिक वर्षे लागली. पुढे २००६ साली जाव्हा या भाषेसोबत मिळणाऱ्या तयार प्रोग्रॅममध्येही याच रीतीतली चूक उजेडात आली. यादी प्रचंड असेल, तर दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज यंत्राच्या पूर्णांकमर्यादेबाहेर जात होती. वर्षानुवर्षे असंख्य लोकांनी तो प्रोग्रॅम विश्वासाने वापरला होता.

यंत्राने लिहून दिलेले बरोबर आहे की नाही, हे उद्या आपल्या मुलांनाच ठरवावे लागणार आहे. त्यासाठी सर्व खंड पालथे घालण्याची गरज नाही. पहिला खंड ग्रंथालयातून आणावा. स्वाध्यायांना शून्यापासून पन्नासपर्यंत काठिण्यांक दिलेले आहेत; त्यांतले वीसपर्यंतचे काही सोडवून पाहावेत. उत्तरे ग्रंथाच्या शेवटी आहेत. ती पाहण्याची घाई मात्र करू नये.