खर्चाच्या बिलातला गुप्तहेर

गुप्तहेर म्हटला की पिस्तूल आठवते. आम्हा कारकुनांना मात्र भावला तो खर्चाचे बिल लिहिणारा गुप्तहेर. अमेरिकेच्या सीबीएस रेडिओवर १९४९ ते १९६२ या काळात ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ ही मालिका चालली. तिची ध्वनिमुद्रणे आजही ऐकायला मिळतात. जॉनी विम्याच्या दाव्यांचा तपास करतो. विमानभाडे इतके, टॅक्सी इतकी, असे एकेक कलम तो कंपनीला कळवतो आणि त्या कलमांतूनच गुन्हा उलगडत जातो. गडी बिल थोडे फुगवतोही; बी.कॉम. झालेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटत नाही!

१९५६ च्या ‘फ्लाइट सिक्स’ प्रकरणात तो कोसळलेल्या विमानाचा तपास करतो. ऐकणाऱ्यांना ती निव्वळ कल्पना वाटली नसणार. कारण १ नोव्हेंबर १९५५ रोजी डेन्व्हरहून निघालेले विमान खरोखरच आकाशात फुटले होते. जॅक ग्रॅहम याने आईचा विमा उतरवून तिच्या बॅगेत डायनामाइट ठेवले होते. ४४ माणसे गेली. विमानात बॉम्ब ठेवण्याविरुद्ध तेव्हा केंद्रीय कायदाच नव्हता. तो १९५६ मध्ये झाला. ग्रॅहमवर खटला चालला तो एकट्या आईच्या खुनाचा, आणि त्यात त्याला देहदंड झाला. बाकीची ४३ माणसे आरोपपत्राबाहेरच राहिली.

वस्तीतल्या विधवा भगिनींचे विम्याचे फॉर्म आम्ही भरून देतो, तेव्हा ती ४३ माणसे आठवतात. रकान्यात रक्कम मावते, माणूस मावत नाही. म्हणून आधी गेलेल्याविषयी दोन शब्द विचारावेत, मगच लेखणी उचलावी.