ढेकणाला जात कळत नाही



ढेकणावर लेख पाहून हसू येईल. हसा. पण रात्री तुम्हीही खाजवता, मीही खाजवतो.

हिंगणघाटात खोली पाहत फिरत होतो तेव्हाची गोष्ट. एका घरमालकानं आडनाव विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, "खोली त आहे, पण तुमचे लोक आले का ढेकणं होतात बाप्पा." शिवी दिली असती तर शिवीनं उत्तर दिलं असतं. ही शिवी नव्हती, शास्त्र सांगितल्याचा आव होता. मग म्हटलं, शास्त्रच पाहू. शाळा अर्धवट सुटली तरी वाचता येतं. जे वाचलं, जे खाटेवर पाहिलं, ते मांडतो.

ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस. त्याला पंख नाहीत. तो उडी मारत नाही. उडी मारते ती पिसू. चादरीवर काळे ठिपके दिसले, खाटेच्या सांध्यात टाकलेली कात दिसली, की समजा तो आहे. तो घाण खात नाही, खरकटं खात नाही. त्याचं अन्न एकच, रक्त. अंगाची ऊब आणि श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड यांच्या मागानं तो येतो. आडनाव विचारत नाही. प्रवाशाच्या वळकटीतून, जुन्या खाटेतून, रेल्वेच्या बाकावरून कुठंही पोचतो. महागड्या हॉटेलातही पोचतो.

मग आमच्याकडंच जास्त का? कारण एका खाटेवर तीन पाळ्या झोपतात. रातपाळीवाला येऊन पडतो, तो उठला की दुसरा. खाट थंड म्हणून होत नाही. ढेकणाला चोवीस तास जेवण तयार. हा दोष अंघोळीचा नाही. भाडं आणि पगार यांच्यातल्या हिशेबाचा आहे.

औषधाच्या दुकानात धावायच्या आधी चूल पेटवा. उकळतं पाणी खाटेच्या सांध्यांत, सुतळीच्या गाठींत ओता. कपडे, गोधड्या उकळून काढा. पन्नास अंशांच्या वरची उष्णता तास-दीड तास लागली की ढेकूण मरतो, अंडंही मरतं. वर्ध्याच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४५ वर जातो, मग पत्र्यावर काय होत असेल! मात्र गोधडी नुसती वाळत घातली तर तो सावलीच्या बाजूला सरकतो. काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून, उलटीपालटी करत तापवावी. भिंतीच्या भेगा बुजवाव्या. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून बारा दिवसांनी सगळं पुन्हा, आणि आणखी एकदा. खोली रिकामी ठेवून उपयोग नाही. रक्ताशिवायही तो काही महिने काढतो.

आणि हे एका खोलीनं करायचं काम नाही. एकीनं केलं तर तो भिंतीतून शेजारच्या खोलीत जातो, पंधरा दिवसांनी परत येतो. अख्ख्या लाइनीनं एकाच दिवशी करावं लागतं. एकीचा धडा आपल्याला ढेकणाकडून घ्यावा लागतोय.

आता विषाचं. आपल्याकडं कपाशीवरचं उरलेलं औषध घरात आणतात, खाटेवर शिंपडतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर मेले. ते उघड्या रानात होते. आपण तेच विष दहा बाय दहाच्या खोलीत मारतो आणि त्याच रात्री लेकरू तिथं झोपवतो. डायक्लोरव्हॉस हे पूर्वी घराघरांत वापरलं जाणारं औषध. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात बंदी आहे. कुठं जुनी बाटली पडली असेल तर हात लावू नका. गव्हातल्या सोंड्यांसाठी सल्फासची गोळी ठेवतात. हवेतल्या ओलीनं तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. झोपायच्या घरात ती म्हणजे मरण उशाला घेणं. डाळ-गहू कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले तरी सोंडे आवरतात.

उधई, म्हणजे वाळवी, भिंतीवर मातीची बारीक नळी काढत येते. ती दिसली की खरवडा, आणि ओल कुठून येते ते शोधा. पुस्तकांची फळी भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. १९७९ पासून सरकारनं छापलेले बाबासाहेबांचे खंड काय आणि मनुस्मृती काय, उधईला दोन्ही सारखेच. फरक आपल्यालाच करावा लागतो.

ढेकूण झोप खातो, पण रोग पसरवत नाही. डास माणूस मारतो. अंगावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, तो डेंगूचा. कूलर, टाकी, टायर यांतल्या स्वच्छ पाण्यात तो होतो. ढुंगण वर करून तिरपा बसतो तो मलेरियाचा. १९३६ साली गांधीजी इथल्या शेगावात राहायला आले, त्याच वर्षी त्यांना मलेरियानं गाठलं. डासानं महात्माही सोडला नाही. तिसरा भुरकट, रात्री चावणारा, तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारा. तो हत्तीरोगाचा, आणि आपला वर्धा जिल्हा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांतला. गोळ्या वाटणारी बाई दारात आली की तिच्यासमोरच गिळा, खिशात ठेवू नका.

कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा उपसणं आपल्या हातात आहे. पण नालीचं काय? गावभरचं सांडपाणी उतारानं येऊन आपल्याच वस्तीत का थांबतं? ती नाली आपण खोदलेली नाही. आधी वस्ती उताराला ढकलायची, मग तिथं पाणी सोडायचं, मग नाकाला रुमाल लावून म्हणायचं, हे लोक घाण. किडा कोणता हे ओळखायचं ते यासाठी. कोणता आपण मारायचा आणि कोणता नगर परिषदेकडून मारून घ्यायचा, हे त्याशिवाय समजत नाही.

येत्या रविवारी आमच्या लाइनीत सगळ्या चुलींवर एकदम पाणी चढणार आहे. म्हाताऱ्या बायांनी गोवऱ्या देऊ केल्यात, पोट्टे खाटा बाहेर काढतील. दुपारी नालीच्या अर्जावर सह्या. ज्याला सही येत नाही त्याला तेवढ्यात शिकवू.

जयभीम.